तापानं गेलेल्या बायका

रत्नमालेनं वाचलेल्या कादंबऱ्यांत राजे आणि राण्या फार जेवायच्या. महालातल्या समया मंद झाल्या, राजांनी राणीसाहेबांचा हात हातात घेतला, की रत्नमाला गुपचूप दोन पानं उलटायची आणि म्हणायची, "मग दोघं जेवायला बसले." काय करणार बिचारी! पुढ्यात ऐकायला सख्खी सासू. सासूसमोर असलं वाचायची छाती कुणाची आहे? सासू म्हणजे दगडाबाई. ती टकळीवर लोकर कातत ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "लई खातेत गं ही मान्सं. लढाया कव्हा करतेत?"

शेंद्र्याला कंपन्यांच्या पत्र्यांकडं पाठ करून ह्यांचं घर. पुढं ओसरी, ओसरीपुढं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. धनगराचं घर, एके काळी मेंढरांनी अंगण भरून जायचं म्हणे. आता दगडाबाईच्या हट्टापायी पाच-सहा मेंढ्या उरल्या होत्या. रत्नमालेचा नवरा बिभीषण कंपनीत शिफ्ट करायचा. पोरगा पुण्याला शिकायला. मग दिवसभर घरात सासू आणि सून, आणि दोघींच्या मधोमध हे राजेरजवाडे.

रत्नमाला माहेरची पाचोडची, बारावी झालेली, आणि वाचनाचं खूळ लग्नाच्या रुखवतासोबत घेऊन आलेली. दर शनिवारी ती रिक्षात कोंबून घेऊन शहरात जायची. औरंगपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानाच्या वर जुनं वाचनालय होतं, तिथून दोन जाडजूड पुस्तकं पिशवीत घालून आणायची. तिची अट एकच, गोष्ट जुन्या काळातली हवी आणि तिच्यात प्रेम हवं. नुसत्या तहांच्या नि तोफांच्या कादंबऱ्या तिला अळणी लागायच्या. वाचनालयाच्या त्या अंधाऱ्या जिन्यावर तिला वाटायचं की आपण गड चढतोय, आणि वर कुणीतरी आपली वाट बघतंय. वर चष्म्यातून बघणाऱ्या बाई असायच्या आणि त्या दंड मागायच्या, ते सोडा. पण आठवड्यातला तेवढा वेळ तिचा स्वतःचा होता. तो गेला असता तर तिच्याकडं तिचं असं काय उरलं असतं, सांगा बरं?

दगडाबाईला अक्षराची ओळख नव्हती, पण गोष्टीचा नाद जन्माचा. तिचे मालक मल्हारराव हयात असताना ढोलावर ओव्या गायचे. त्यांचा एक दंडक होता. मांडलेली गोष्ट अर्धी सोडायची नाही. सोडली तर गोष्टीतली माणसं घरात ताटकळत बसतात, उपाशी. दगडाबाई हे अगदी खरं मानायची. सून एखाद्या दिवशी थकली तर म्हणायची, "त्या राणीला रानात उभी करून कुठं निजती? घरी तर पोचव तिला." तिची टकळी फिरत राहिली म्हणजे गोष्ट बरी चाललीय. टकळी थांबली की समजायचं, म्हातारीला कुठंतरी लागलं.

राजाराणीच्या जेवणावळीनं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण कादंबऱ्यांत बायका पळूनही जातात. कुणी शिलेदारासोबत, कुणी शायरासोबत, एक तर सरळ शत्रूच्या सरदारासोबत. आणि ह्या घरात 'पळून गेली' हे शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून रत्नमाला त्या बायकांना ताप आणायची. "मग तिला ताप भरला, आणि ती गेली." संपलं! सगुणा नावाची एक दासी होती, मोठी जिभेची तिखट, दगडाबाईची भारी लाडकी. ती एका भालदाराचा हात धरून निघून गेली, तर रत्नमालेनं तिलाही तापानं मारली. दगडाबाईची टकळी थांबली. त्या दिवशी ती सांजची जेवली नाही. रत्नमालेला वाईट वाटलं, पण वाईट वाटून काय करता!

हा ताप तिनं काही स्वतःच्या अकलेनं काढलेला नव्हता. तो ह्याच घरातला. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं, एक नणंद होती, अंबिका, तापानं गेली. रत्नमालेनं पहिल्या वर्षी पितरांच्या पानात तिच्या नावाचा घासही ठेवला. मग माहेरपणाला गेली असताना पाचोडच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानावरची बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, माझी माय बरी हाय का?" आगं माय! मेलेली नणंद समोर बसून बांगड्या भरत होती. दुसऱ्या जातीतल्या ट्रक चालवणाऱ्या पोराशी लग्न केलं म्हणून मल्हाररावांनी तिला जिवंतपणी मारली होती, आणि मरताना बिभीषणाकडून शब्द घेतला होता, ती ह्या अंगणात येणार नाही. बिभीषण माणूस वाईट नव्हता. पण बापाला दिलेला शब्द त्यानं गळ्यात बांधून घेतला होता आणि त्याच्या ओझ्यानं मान कधी वळवली नव्हती.

एवढं सगळं जमवून आणलं, आणि ह्या पावसाळ्यानंतर रत्नमालेच्या हाती ती निळ्या कव्हरची कादंबरी लागली.

त्यात पळाली ती खुद्द नायिका. किल्लेदाराची लेक जैवंता, पागेतल्या रायभान नावाच्या शिलेदारासोबत गडाच्या चोरवाटेनं गेली. आता आली का पंचाईत! नायिकेलाच ताप आणून मारली तर पुढची दोनशे पानं वाचायची कुणाची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रत्नमालेनं घाम पुसला आणि जसं होतं तसं वाचलं. टकळी थांबली. बाहेर एक मेंढी ओरडली. दगडाबाईनं एवढंच विचारलं, "तिला माय व्हती का?"

"होती की. राजसबाई."

"मग मायनं काय केलं?"

"ते पुढं येईल, आत्या."

त्या दिवसापासून दगडाबाईचा एकच धोशा. जैवंता घोड्यावर दौडतेय, दगडाबाई विचारतेय, मायनं काय केलं? रायभान लढाईत जखमी झाला, मायनं काय केलं? रत्नमालेनं एरवी नायिकेसाठी जीव टाकला असता, पण आता ती पान उलटताना आधी डोळ्यांनी 'राजसबाई' हे नाव शोधायची, आणि दिसलं नाही की तिला सुटल्यासारखं व्हायचं.

त्यातच अंबिकेचा फोन आला. तिच्या लेकीचं, रूपाचं लग्न ठरलं होतं. "वहिनी, पोरीच्या पाठीशी मामा लागतो गं उभा राहायला. लोक इचारतेत, पोरीला मामा नाय का? मी काय सांगू? एकुलती एक हाय म्हणून सांगू, का भाऊ मेला म्हणून सांगू?" आणि लगेच म्हणाली, "दादा नाय तर नाय. माय तरी येऊ दे. तू मायला इचार. तुझं ऐकती ती."

रत्नमालेनं दुपारी टकळीकडं बघत हळूच सांगितलं. दगडाबाई टकळी ठेवून मेंढ्यांकडं निघून गेली. पुढचे दिवसही विषय निघाला की उठून जायची. शेवटी रत्नमालाच म्हणाली, "आत्या, अक्काला काय सांगू?"

"बघू," दगडाबाई म्हणाली. "ती काय करती ते बघू."

"कोण?"

"ती. गडावरची माय. मोठ्या घरची हाय, शाणी हाय. बापाचा हुकूम आन् पोटची पोरगी, दोन्हीच्या मधी सापडलीय. ती काय करती ते बघू, मंग बोलू."

म्हातारी कादंबरीला कौल लावून बसली होती! तिनं त्याच दिवशी, सासू मेंढ्यांकडं गेल्यावर, चोरून शेवटची पानं वाचली. राजसबाई दरवाजा उघडते. रत्नमाला ओसरीच्या खांबाला टेकून रडली, सुखानं रडली. आता आपल्याला काही करायचंच नाही, पुस्तकच करतंय सगळं, असं तिला वाटलं. किती सोपं झालं!

पण सोपं कुठलं! बिभीषणानं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. त्यानं आवाज चढवला नाही, तो चढवायचाच नाही. ताटावर बसून भाकरी मोडत म्हणाला, "मायच्या डोक्यात त्या पोरीचं कुणी भरवलं, तर मी दुसऱ्या कुणाला इचारणार नाय. तुलाच इचारीन. तुझी ती पुस्तकं घेऊन ये एकदा आन् देऊन टाक कायमची. तुला शहरात जायला बी काम उरणार नाय मंग." आणि पुढं म्हणाला, "कोरड्यास लई चांगलं झालंय." रत्नमालेनं मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर तो अंधारा जिना आला.

ते पान आलं त्या दिवशी बिभीषणाची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरातच होता. आतल्या खोलीत खाटेवर पडला होता, दार उघडं. झोपलाय की जागा, कळेना. चोराच्या मनात चांदणं. रत्नमालेला त्याचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. दगडाबाई टकळी घेऊन बसली. "आज माय येती म्हणालीस न्हवं?"

रत्नमालेनं वाचायला सुरुवात केली. पहाटेची वेळ. जैवंता एकटी, अनवाणी, गडाच्या दरवाज्याशी. रायभान रणात पडलेला. ती हाका मारतेय, आईसाहेब, आईसाहेब. टकळी थांबली. आणि तेवढ्यात आतली खाट करकरली. बिभीषणानं कूस बदलली होती, तोंड इकडं करून.

रत्नमालेची नजर पुस्तकावरच होती. अक्षरं स्वच्छ दिसत होती. आणि तिच्या तोंडून आलं ते असं, "राजसबाई तटावर आल्या. खाली लेक टाहो फोडत होती. राजसबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण त्या म्हणाल्या, लेकीपेक्षा किल्ला मोठा. दरवाजा उघडायचा नाही."

वाक्य इतकं ठसक्यात आलं की क्षणभर तिला स्वतःलाच पटलं. एवढी वर्षं वाचून वाचून भाषा कमावली होती बाईनं, ती ही अशी कामाला आली.

दगडाबाईनं टकळीवरून लोकरीचा एक पांढरा धागा तोडला, पुढं झुकली आणि सुनेच्या मांडीवरच्या उघड्या पानात तो आडवा ठेवला. पुस्तक स्वतःच्या हातानं मिटलं. "बराबर हाय," ती म्हणाली. "किल्ला राखायचा म्हंजे असंच करावं लागतं. तिच्यासारखीला सुटलं नाय, मला काय सुटतंय?" आणि पुस्तक उचलून घेत, "सांग तुझ्या अक्काला. यिऊ नको म्हणावं." तिनं टकळी उचलली, पण धागा काही निघेना.

रत्नमालेला तेव्हाच बोलता आलं असतं. नाही बोलली. आतून घोरण्याचा आवाज आला. म्हणजे तो झोपलेलाच होता की काय, देव जाणे! तिनं संध्याकाळी मेंढ्यांच्या वाड्यामागं उभं राहून फोन लावला. "माय नाही म्हणते, अक्का." पलीकडून अंबिकेनं 'बरं' म्हणून फोन ठेवला, आणि ते 'बरं' रत्नमालेला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

त्या शनिवारी ती शहरात गेली नाही. पुस्तक परत करायचा धीर झाला नाही, आणि घरात ठेवायचाही. तसंही ते आता तिच्या ताब्यात नव्हतं. दगडाबाईनं उशाखाली ठेवलं होतं. उरलेली पानं वाचू का म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणाली, "नगं. राहू दे तिला तिथंच उभी." मल्हाररावांचा दंडक मोडणारी दगडाबाई रत्नमालेनं पहिल्यांदाच पाहिली. जेवण कमी झालं तिचं. मेंढ्यांना हाकसुद्धा मारेना. आणि रत्नमाला? ती भाकरी करपवत होती, दूध उतू घालवत होती. स्वतःला समजावत होती की बाई, ते एक पुस्तक आहे, गोष्ट आहे. समजत मात्र नव्हतं.

अंबिका आली ती भर दुपारी. निरोप धुडकावून आली. बिभीषण दिवसपाळीला गेला होता. फाटकापाशी रिक्षा थांबली आणि एक पिकल्या केसांची बाई उतरली, हातात पिशवी, पिशवीत पत्रिका नि कुंकू लावलेले तांदूळ. फाटकाची कडी तिनं धरली, पण काढली नाही. बाहेरच उभी राहिली.

"माय."

दगडाबाई ओसरीवर होती. लेक डोळ्यांपुढं बघून तिचं तोंड कसं झालं ते रत्नमालेला बघवलं नाही. एकवीस वर्षांनी बघत होती. पोरगी गेली होती काळ्याभोर वेणीची, आणि आली ही अशी.

"तिथंच थांब," दगडाबाई म्हणाली.

"थांबले. आत येत नाय मी. पत्रिका तेवढी घे. देवापुढची पहिली तुला आणलीय."

"तुला सांगावा धाडला व्हता."

"व्हय. भेटला. पर माय, तुझ्या तोंडातून ऐकायचंय मला. दुसऱ्याच्या तोंडचं नगं."

दगडाबाईला ते स्वतःच्या तोंडानं म्हणता येईना. कुठल्या आईला येईल? मग तिनं मान वळवली. "रत्ना, ते पुस्तक आण."

रत्नमाला माठाकडं वळली. "आत्या, कशाला पुस्तक आता? ऊन आहे, अक्काला पाणी तरी..."

"आण म्हणते ना. उशाखाली हाय." आणि लेकीला म्हणाली, "म्या काय बोलणार? म्या अडाणी. पर तुझ्यागत एक पोरगी व्हती, आन् माझ्यागत तिची माय. राणीवाणी बाई. तिनं काय केलं ते लिव्हलेलं हाय. तू शिकलेली हायेस. तूच वाच. माझं म्हणणं तेच हाय."

रत्नमालेनं पुस्तक आणलं. तो धागा काढून दुसऱ्या पानात घालावा असं तिच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला! पण दगडाबाईची नजर तिच्या हातावरच होती. ती अंगण ओलांडून फाटकापाशी गेली. चार पावलांचं अंगण, पण ते सरता सरेना. फाटकावरून पुस्तक देताना तिनं अंबिकेकडं बघितलं नाही.

अंबिकेनं धागा बाजूला केला. डोळे पुसले. शाळेतल्या पोरीसारखं मोठ्यानं, अक्षर लावत वाचायला लागली.

"चौघडा अजून झडायचा होता. राजसबाई स्वतः हाती दिवटी घेऊन पायऱ्या उतरल्या. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. म्हणाला, बाईसाहेब, किल्लेदारांचा हुकूम आहे. राजसबाई म्हणाल्या, हुकूम किल्लेदारांचा. किल्लाही किल्लेदारांचा. लेक माझी आहे. बाजूला हो. आणि त्यांनी..." अंबिकेनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि त्यांनी आपल्या हातांनी दिंडी दरवाज्याचा अडसर काढला."

पुढं तिला वाचवेना. फाटकाच्या गजांवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली. "माय! अगं, असं म्हणायचं व्हतं तर सरळ म्हणायचं ना! पुस्तकातून काहून सांगती मला? मी तर मेलेच व्हते त्या निरोपानं!"

दगडाबाई बसल्या जागी ताठ झाली होती. "पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

अंबिकेनं पुन्हा वाचलं. तेच.

"आसंच लिव्हलंय?"

"आसंच, माय."

दगडाबाईनं सुनेकडं बघितलं. ती नजर रत्नमाला जन्मात विसरणार नाही. तीत राग असता तर बरं झालं असतं. वाटेत कुणी हात सोडून दिलेल्या आंधळ्या माणसाच्या तोंडावर असतं तसं काहीतरी होतं तिच्या तोंडावर. रत्नमालेनं खाली बघितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते खोटं नाही.

मग म्हातारी उठली. गुडघ्यावर हात दाबत, खांब धरत उठली. सून हात द्यायला धावली तर तिनं तो हात बाजूला केला. एकटी अंगण ओलांडून गेली आणि फाटकाची कडी खटकन काढली. "ये," ती म्हणाली. तिचं दुसरं काही बोलणं ऐकू आलं नाही, कारण दोघींचा आवाज एकमेकींच्या खांद्यात बुडाला होता. बऱ्याच वेळानं तिनं सुनेला हाक दिली, पण नाव न घेता. "घोंगडी टाक. लेक आलीय."

रत्नमालेनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चहा ठेवला, आणि चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली. तिला आनंद झाला होता का? झाला होता. आणि त्या आनंदात तिचा वाटा नव्हता, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं करत होतं.

सांजेला बिभीषण आला. ओसरीवर पत्रिका, घोंगडी, तीन कप. "कोण आलतं?"

"अंबिका," दगडाबाई म्हणाली. त्या घरात ते नाव इतक्या वर्षांनी भिंतींनी ऐकलं. "रूपाच्या लग्नाला म्या चालले. तुला यायचं तर ये. मामा नाय उभा राहिला तर आजी राहीन उभी पोरीच्या मागं."

बिभीषण चपला न काढता तसाच उभा राहिला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"पुस्तकात लिव्हलंय."

"काय लिव्हलंय?" तो बायकोकडं वळला. "मी जागा व्हतो त्या दिवशी. सोताच्या कानानं ऐकलंय. दरवाजा उघडला नाय म्हणून वाचलंस तू. व्हय का नाय?"

दगडाबाई सुनेकडं बघत होती, आणि वाट बघत होती. रत्नमालेला कळलं, आता ह्या घरात तिच्या वतीनं कुणीही बोलणार नाही.

"मी खोटं वाचलं," ती म्हणाली. "तुम्ही ऐकताय म्हणून भिऊन वाचलं. पुस्तकं जातील म्हणून. दरवाजा उघडला होता. तिच्या आईनं उघडला होता." आणि एकदा तोंड सुटल्यावर ती थांबली नाही. "उद्यापासून शहरात जाऊ नको म्हणाल तर नाही जाणार. पण लिहिलंय तेच लिहिलंय."

बिभीषणाचा चेहरा लाल झाला. "मंग बंदच कर ते. आजपासून."

"बंद कसं करील?" दगडाबाई म्हणाली. "तुझ्या बापाचाच दंडक हाय. मांडलेली गोष्ट अर्धी सोडत नसतेत."

बापाचं नाव आलं तसा तो वळला. बाहेर मेंढ्यांपाशी जाऊन बसला. जेवायला आला नाही, सकाळी डबा न घेता कामावर गेला. पत्रिका मात्र जिथं होती तिथंच होती. त्यानं ती फाडली नव्हती, आणि उचललीही नव्हती.

दुपारी रत्नमाला नेहमीच्या जागी येऊन बसली. मांडीवर पुस्तक, पण उघडलं नाही. दगडाबाईनं टकळी हातात घेतली नव्हती. कंपनीचा भोंगा वाजून गेला.

"ती सगुणा," दगडाबाई म्हणाली. "ती दासी. तापानं गेली म्हणालीस. ती खरंच गेली व्हती का?"

रत्नमालेचे डोळे भरून आले. "नाही, आत्या. भालदारासोबत पळून गेली. शेवटी तिला मुलगा होतो."

"म्या त्या दिशी जेवले नाय."

"माहीत आहे मला."

"आन् ती गाणारी? गोरीपान, हैदराबादेची?"

"तीही पळाली होती. जिवंत आहे."

दगडाबाईनं मान हलवली. रागावली असती, बोलली असती, तर रत्नमालेनं पाय धरले असते. ती तर आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्या बी लोकांना तापच सांगितला. दारात येऊन बाया रडल्या, त्यांच्यासंगं बसून म्या बी रडले." मग विचारलं, "आन् ती धाकटी? नदीकाठची, नावाड्याची पोरगी? दिवा सोडायची ती?"

रत्नमाला आठवायला लागली. नदी आठवली, दिवा आठवला, पोरीचे पैंजण आठवले. ताप आठवला. पण तो ताप पुस्तकातला होता की तिचा, हे काही केल्या आठवेना. इतक्या बायकांना मारलं होतं तिनं, की कोण आपल्या मरणानं मेली आणि कोण तिच्या, ह्याचा पत्ताच राहिला नव्हता. तिला भीती वाटली, खरोखरची.

"आठवत नाही, आत्या," ती म्हणाली. "पुस्तकानं मारली का मी."

दगडाबाईनं निळं पुस्तक तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. "मंग हे राहू दे. ही पोचली घरी," ती म्हणाली. "शनिवारी जा आन् ते आण. ती पोरगी जित्ती हाय का, ते आधी बघायचंय मला."